कप्प्यांनी ओढलेली होडी

एकोणीसशे तीसच्या सुमारास माझी रेवदंड्याच्या मराठी शाळेत बदली झाली. आदल्या वर्षीच बायको गेली होती, मूलबाळ नव्हतं. शाळा सुटली की खोलीवर यायचं, एकट्यापुरता भात टाकायचा, आणि मग बोलायला भिंती. म्हणून मी शाळाच लांबवायचो.

सहावीच्या पुस्तकात यंत्रांचा धडा होता. फळ्यावर चित्रं काढली, तर पोरं जांभया देऊ लागली. मग त्यांना घेऊन सुपारीच्या वाडीतला रहाट बघून आलो आणि पांगाऱ्याच्या मऊ लाकडाची चाकं करायला बसलो. कडेनं बांबूच्या खुंट्या ठोकून दाते केले. चोवीस दात्यांचं चाक एकदा फिरलं की आठ दात्यांचं तीनदा फिरे. पोरं पुन्हा पुन्हा मोजत. नंतर कप्प्या केल्या, आणि तुळईला टांगून भरलेली घागर उचलली.

एक कोळ्याचा मुलगा म्हणाला, "गुरुजी, घागर हलकी झाली, पन दोर दुप्पट वढायला लागतो."

"हाच तर धडा."

तो जरा घुटमळला. "मंग आमची होडी निघंल वर?"

त्याचा बाप दर्यात बुडाला होता. तेव्हापासून होडी खाडीच्या चिखलात कलंडली होती. ओढायला माणसं मागायचा त्याच्या आईला संकोच वाटे.

रविवारी भरतीला आम्ही अकरा जण गेलो. पहिल्याच हिसक्याला पांगाऱ्याची कप्पी फुटली. पोरांची तोंडं उतरली. जाळं विणत बसलेला एक म्हातारा तांडेल उठला, आपल्या गलबताच्या सागवानी कप्प्या सोडून आणल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. एक माडाला बांधली, एक होडीला. वीतवीत करत होडी कोरड्या वाळूवर आली. पोरांनी आरोळ्या ठोकल्या. मुलाची आई होडीच्या फळीवर हात ठेवून नुसती उभी राहिली.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गुरुजी, जेवून जावा. का घरी वाट बघतात?"

"हो, वाट बघतात," मी म्हणालो.

असं का बोललो, कोण जाणे. पोरं तिच्या मागोमाग जेवायला गेली. मी खोलीवर आलो. दोरानं तळहात सोलले होते; तांदूळ धुताना झोंबले, तेव्हा तांदूळ तसेच ठेवून पडून राहिलो.

पुढल्या वर्षी श्रीवर्धनला बदली झाली. मुलाचा मामा ती होडी घेऊन मासेमारीला जातो, असं तिकडे कानावर आलं.