अमीनबीचा अर्ज

कळंबच्या जैबुनबीचा राग सगळ्या गल्लीला माहीत होता. ती कापूस पिंजायला बसली की कोणी तिच्याशी बोलायला जात नसे. दोन हजार सहा साली तर रागाला निमित्तही लागत नव्हतं. कापसाला भाव नव्हता, कर्जापायी शेतकरी जीव देत होते, लोकांनी नव्या गाद्या भरणं सोडलं होतं, आणि बाहेरची गाडी आली की आज कोणाच्या घरी फोटो काढायला आले, एवढंच गाव विचारायचं.

म्हणून दारात गोरी बाई उभी राहिली तेव्हा जैबुनबीनं मान वर न करताच सांगितलं, "आमच्या घरी कोनी मेलं नाही. पुढं जाय."

ती बाई खरोखर मेलेल्या माणसांसाठीच आली होती, पण फार जुन्या. हेलन तिचं नाव. इंग्लंडातली निवृत्त शिक्षिका. आपली आजी ॲलिस हिचं मूळ शोधत फिरत होती. ॲलिसचा बाप इथल्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिनावर साहेब होता, हे तिला कागदांवरून कळलं होतं. इंजनवाल्या साहेबाचं नाव काढताच गावानं तिला जैबुनबीचं घर दाखवलं. जैबुनबीची नात नुजहत कॉलेजात जात होती. ती दोघींचं बोलणं एकमेकींना सांगायला बसली.

हेलननं फाईल उघडून वंशावळ पसरली. मग चर्चच्या नोंदवहीची नक्कल काढली. ॲलिस, वय चार. बापाचं नाव, हुद्दा, त्याच्याही बापाचं नाव आणि गाव. आईच्या रकान्यात लिहिलं होतं: एक देशी बाई, मयत.

नुजहतनं ते वाचलं आणि जैबुनबीचे हात थांबले.

ॲलिस म्हणजे अल्लारखी, जैबुनबीनं सांगितलं. जैबुनबीच्या दादीची, अमीनबीची, पहिली लेक. अमीनबी जिनात कामाला होती. साहेबानं तिला बंगल्यावर ठेवून घेतली आणि बदली झाली तेव्हा लेक तेवढी उचलून नेली. पुढे अमीनबीनं एका पिंजाऱ्याशी निकाह केला, मुलगा झाला, त्या मुलाची मुलगी जैबुनबी. लेक गेल्यावर अमीनबी छप्पन्न वर्षं जगली.

"मयत?" जैबुनबी म्हणाली. "मी आठ वर्साची होती. मह्या हातानं शेवटचं पानी पाजलं तिले. हिच्या कागदात थे आधीच कशी मेली?"

हेलन अदबीनं म्हणाली, घराघरांत अशा गोष्टी सांगतात, पण वंशावळीत लिहायला पुरावा लागतो. नुजहतनं हे सांगायला नको होतं. पण तिनं सांगितलं.

जैबुनबीनं फाईल हिसकावली. तिला अक्षर येत नव्हतं, तरी एकेक पान उलटत गेली, आणि अंगठा उठवलेल्या एका पानावर बोट ठेवलं. वर मोडी लिपी होती. जिनाच्या कंपनीच्या जुन्या दप्तरात साहेबाच्या कागदांबरोबर ते सापडलं होतं. हेलन त्याला घरभाड्याची पावती समजत होती. मागं वरच्या साहेबाचा इंग्रजी शेरा होता: कारवाईची गरज नाही.

नुजहतनं शेजारच्या मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्या पटवाऱ्यांना, मारोतरावांना, बोलावून आणलं. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं:

"अर्जदार अमीनबी, राहणार कळंब. माझी मुलगी अल्लारखी साहेबांनी नेली, त्यास दोन वर्षे झाली. मी मयत असल्याचे साहेबांनी लिहिले असे ऐकते. ते खोटे आहे. मुलगी परत मिळावी."

नुजहतनं ते हेलनला इंग्रजीत सांगितलं. हेलन पुढे होऊन जैबुनबीचा हात धरू लागली. जैबुनबीनं हात मागं घेतला.

"इले सांग, आधी खोड थो शब्द. मह्यासमोर खोड."

हेलननं वंशावळीतलं 'मयत' खोडलं. मग नुजहतला विचारून विचारून अमीनबी असं नाव लिहिलं. जैबुनबीनं ते तिला मोठ्यानं म्हणायला लावलं, तीनदा. चहाचं विचारलं नाही.

आठ महिन्यांनी पाकीट आलं. नवी वंशावळ, त्यात जैबुनबीचं, नुजहतचंही नाव. सोबत म्हाताऱ्या ॲलिसचा फोटो. नाक थेट जैबुनबीच्या बापाचं.  मग जैबुनबीनं नुजहतकडून एकच ओळ लिहवून घेतली: तुझी माय जिती आहे, हे अल्लारखीले कोनी कधी सांगितलं का?

उत्तर लवकर आलं. हेलननं खोटं लिहिलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं. ॲलिस दरवर्षी मयत आईच्या नावानं चर्चमध्ये मेणबत्ती लावायची.

नुजहतनं विचारलं, आता काय लिहू?

"काही नोको लिहू," जैबुनबी म्हणाली, आणि एवढ्या जोरानं पिंजायला लागली की शेजारच्या घरात बोललेलं ऐकू येईना.