पहिल्या बाकावरच्या बाई

बेळगावात आम्हा मराठी शाळांच्या शिक्षकांचं संगणकाचं प्रशिक्षण होतं. शेवटी परीक्षा आहे म्हटल्यावर मी आपला मागचा बाक धरला. शिकवणारे सर कानडीतून भराभरा सांगत होते आणि सगळं माझ्या डोक्यावरून चाललं होतं.

पहिल्या बाकावर जांबोटीकडच्या एक बाई होत्या. पदर खोचलेला, चष्मा कपाळावर. थोड्या थोड्या वेळानं त्यांचा हात वर. "सर, स्वल्प निधान हेळ्री. जरा सावकाश सांगा. आता कुठं दाबायचं म्हणालासा?" सगळे हसायचे. बाईही हसायच्या. सर मात्र पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. मीही हसले, मागच्या बाकावर हळूच हुश्श केलं आणि मुकाट्यानं शिकून घेतलं.

परीक्षेत त्याच सगळ्यांच्या आधी उठल्या. नंतर चहाला पाहते तर मोबाइलवर मुलांसाठी चित्रांचा धडा जुळवत होत्या, बोटं अगदी सराईत. मला रागच आला.

"आक्का, तुम्हाला तर सगळं येतंय. मग सकाळपासनं ते काय चाललंवतं?"

त्यांनी बशीतल्या चहावर फुंकर मारली. "येतंय की गं. पर वर्गात एकानं तरी ‘कळलं न्हाय’ म्हणाय लागतंय. हितं कुणी तोंडच उघडंना."

मी पास झाले. त्यांचं नाव विचारायचं मात्र राहिलं.

परवाच्या प्रशिक्षणात मी पहिल्या बाकावर बसले, आणि नीट कळलेलं असताना हात वर केला. सगळे हसले. तेवढ्यात मागच्या बाकावरनं कुणीतरी हळूच हुश्श केलं. ते हुश्श माझ्या चांगल्याच ओळखीचं होतं.