हलक्या बाजूतला दगड

या प्रवासाचा निर्णय मी घेतला, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो निर्मलाने घेतला. निर्मला माझी जुनी विद्यार्थिनी. आता ती यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीजवळ एका शाळेत विज्ञान शिकवते आणि आईबरोबर तांड्यावर राहते. तीन वर्षे ती मला बोलावत होती आणि तीन वर्षे मी पुढची तारीख देत होते. या वेळी तिने फोनवर शांतपणे विचारले, "मॅडम, तुमच्या टाइमटेबलात आमाले तास कधी भेटते?" मी तिकीट काढले.

टाइमटेबल होते, हे खरे. पती गेल्यापासून नाशिकच्या घरात मी रिकामा तास उरू दिलेला नाही. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र, सायंकाळी जादा वर्ग, शनिवारी ग्रंथालय समिती. आणि हे सारे कामाच्याच बाजूला झुकते म्हणून, समतोलासाठी, पहाटे योगवर्ग व आठवड्यातून दोनदा पेटीची शिकवणी. रविवार तेवढा मोकळा होता आणि तोच मला सर्वांत जड जाई. निघण्याच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी विचारले, प्रवेशपरीक्षेचा रविवारचा वर्गही घ्याल का? परत आल्यावर कळवते, असे मी म्हटले; मनातून होकार केव्हाच देऊन झाला होता.

ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांच्यासाठी: नाशिकहून रेल्वेने धामणगावला उतरावे, तेथून एस.टी.ने यवतमाळ आणि पुन्हा एस.टी.नेच घाटंजी. महिलांना अर्धे तिकीट असल्याने खर्च नगण्य होतो. यवतमाळच्या स्थानकाबाहेर पोहे खावेत, मात्र त्यावरची तर्री वेगळ्या वाटीत मागावी. मी ही काळजी घेतली नाही आणि पुढचा अर्धा तास पाणी पीत राहिले.

घाटंजीच्या रस्त्याला आधी सागाचे जंगल लागते, मग उघडी काळी जमीन. डिसेंबर असल्याने कापूस फुटलेला होता. कापसाच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ, पुन्हा कापूस, पुन्हा तूर, अशी ही शेते दिसतात. यामागची योजना पाहण्यासारखी आहे. तुरीचे मूळ कापसापेक्षा खोल जाते, त्यामुळे दोन्ही पिके एकाच थरातल्या पाण्यासाठी फारशी भांडत नाहीत. शेजारी बसलेल्या बाईंना मी हे उत्साहाने समजावून सांगितले. त्या स्वतःच्या शेतातूनच आल्या होत्या, हे मला नंतर कळले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "एकट्याच चालल्या काय, बाई?" मी हो म्हणताच त्यांनी मांडीवरची पिशवी उचलून माझ्याकडे थोडे सरकून घेतले.

तांडा म्हणजे बंजारा समाजाची वस्ती. यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत. आज येथे सगळे शेतकरी आहेत. निर्मलाच्या आईला मीही याडीच म्हणू लागले. गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, आईला याडी म्हणतात. जेवणात ज्वारीची भाकरी आणि ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी होती. ही भाजी खाण्यासाठी तरी हिवाळ्यात या.

जेवण झाल्यावर निर्मला शाळेत गेली, बाकीचा तांडा कापूस वेचायला. वस्तीत मी, याडी आणि एक शेळी एवढेच उरलो. याडी उंबऱ्यावर बसली. मी वही काढली, मग पुस्तक, मग फोन. पाहिले तर जेमतेम वीस मिनिटे सरली होती. शेवटी न राहवून मी विचारले, "याडी, रोज दुपारी काय करता?"

"बसतो," ती म्हणाली. तिकडे बायकाही स्वतःविषयी असेच बोलतात.

"करमतं?"

"नाई करमत. हे होते तवा करमे." तिने शेळीकडे पाहिले. "पन बसतो."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले, आणि पाचव्या मिनिटाला उठून भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. याडीच्या घरात तिच्या सासऱ्यांच्या वेळची एक गोणी आहे: बैलाच्या पाठीवर आडवी टाकायची, दोन्ही बाजूंना खोल पोट असलेली, जाड विणीची. आता ती निर्मलाच्या स्कूटीच्या मागच्या सीटवर पडते. एका बाजूला तुरीच्या शेंगा, दुसऱ्या बाजूला वांगी. भरण्याचे काम मी मागून घेतले, कारण हा थेट माझा विषय. मधल्या आधारापासूनचे अंतर सारखे असेल, तर दोन्हीकडचा भारही सारखा हवा. वांगी कमी पडत होती, गोणी शेंगांकडे कलत होती. अंगणातला एक सपाट दगड उचलून मी वांग्यांखाली ठेवला. गोणी अगदी सरळ झाली. मी हात झटकून मागे सरले.

याडीने आत हात घालून दगड बाहेर काढला आणि शेजारणीला हाक मारून दाखवला. दोघी डोळ्यांना पदर लावून हसल्या. "बाईले मोजनं येते," शेजारीण म्हणाली, "ओझं वायनं येत नाई."

मग याडीने शेंगांच्या बाजूतून पसेपसे शेंगा काढून शेजारणीच्या ओच्यात घातल्या, गोणी सरळ होईपर्यंत. माझ्याकडे वळून ती म्हणाली, "आमचा सासरा सांगे, जड बाजू हलकी करा. हलकीत दगड टाकला तं बैल सरळ चालते, बाई. पन तो दगड बैलच वायते ना."

माझे गणित चुकले नव्हते. पण बाजाराच्या वाटेवर शेंगांची बाजू कोणती आणि योगवर्ग, पेटी हे काय, याचा हिशेब मला मांडावा लागला नाही.

परतीच्या गाडीत मी प्राचार्यांना नकार कळवला. नाशिकला आल्यावर योगवर्ग सोडला, सायंकाळचा एक जादा वर्ग सहकाऱ्याला दिला. पेटी ठेवली, कारण ती मला आवडते, हे सोडण्याच्या वेळी लक्षात आले. हे वाचून कोणी आपली गोणी उलगडणार असेल, तर एक गोष्ट आधीच सांगायला हवी. दगड काढल्याने सुख येत नाही. दगडाखाली जे दडपलेले असते ते वर येते. माझ्याकडे तेथे एक लांबलचक दुपार होती, आणि ती दोन माणसांच्या मापाची होती.

पहिल्या रविवारी जेवण आटोपून मी बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसले. वही आत ठेवली होती, फोनही. चारच्या सुमारास निर्मलाचा फोन आत वाजला. उठून घेतला. मागे कुठेतरी शेळी ओरडत होती. "याडी विचारून राह्यली," ती म्हणाली, "बाई काय करून राह्यल्या म्हनून."

"बसले आहे," मी म्हटले.

तिने ते गोरबोलीत सांगितले. पलीकडून याडीने काही विचारले. "करमते का, विचारते."

"नाही करमत," मी म्हटले, आणि फोन ठेवून पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसले.