जोडीचं पातं

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आमच्या घरच्या देवळीत विमानाच्या इंजिनातलं जे बोटभर पातं ठेवलेलं आहे, ते भंगारातलं नाही. कोरं होतं. मी ते चोरलं.

छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हा बापानं घरातले देव काढले आणि देवळी रिकामी राहिली. काही वर्षांनी मी हवाई दलात लागलो, लढाऊ विमानांची इंजिनं उघडून दुरुस्त करायच्या कामावर. काम मला उत्तम येत होतं, हे सांगायला मी लाजत नाही. इंजिन किती तास उडालं, मागच्या खेपेला त्यात काय बदललं, एवढं वाचलं की आत काय थकलं असेल ते मी उघडण्याआधी सांगायचो. बहुधा तेच निघायचं.

सुटे भाग ज्याच्या ताब्यात होते, तो उमरखेडचा. वयानं मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. एवढ्या लोकांत वऱ्हाडी बोलायला आम्हीच दोघं. पाती हातात देताना तो बजावायचा, "चाकावरची समोरासमोरची दोन पाती एकाच वजनाची पाह्यजेत. नाही तं इंजिन थरथरते."

"नवराबायकोसारखं काय, भाऊ?"

"नवराबायकोचं कुठी जुळते रे वजन!"

एकदा सुट्टीवर आर्णीजवळच्या आमच्या गावी गेलो. चहाच्या टपरीवर एकानं बापाला माझ्यादेखत विचारलं, "काहो, पोरगा विमानात झाडू मारते म्हणते?"

"इंजिन उघडते तो," बाप म्हणाला.

"मंग दाखवा ना काही आणून."

बाप चहा अर्धा टाकून उठला.

पुढच्या सुट्टीआधी मी एक पातं खिशात टाकलं. जळकी, वाकडी पाती बाद होऊन पेटीत पडलेली असायची. मागितलं असतं तर भाऊनं त्यातलं एक हसत दिलं असतं. पण मला चकाकणारं हवं होतं.

बापानं ते टपरीवर नेलं, हातोहात फिरवलं. परत आणल्यावर आईनं देवळीत ठेवलं.

"देव काढले, आता हे बसवलं काय?" बाप म्हणाला.

"देव नाही हो. पोराचं काम आहे थे."

सुट्टी संपवून तळावर परत आलो तेव्हा इंजिन अडलेलं होतं. एक पातं कमी, म्हणून त्याच्या जोडीचंही निकामी. त्या वजनाची दुसरी जोडी येईपर्यंत विमान पोट रिकामं ठेवून उभं. चौकशी लागली होती. भाऊनं मला बाजूला घेतलं.

"तुले काही माहीत आहे काय रे?"

"नाही, भाऊ."

"मंग माह्याच हातून गेलं असन."

त्यानं माझ्यावर संशयसुद्धा घेतला नाही. त्याच्या बाहीवरची हुद्द्याची एक पट्टी उतरली. मी त्याच्याच हातून पाती घेत राहिलो, आणि माझं काम बिनचूक होत राहिलं.

तो आता उमरखेडला असतो. आर्णीहून तिकडं गाडी जाते, मी कधी बसलो नाही. उतरलेली पट्टी मला परत लावता येणार नाही. पण पातं मी नेलं, भाऊ, तुझ्या हातून गेलं नव्हतं, हे त्याच्यासमोर उभं राहून सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.