मावशीचा अंगठा

फसवलं माझ्या मावशीला, १९९७ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नगरच्या एका खासगी दवाखान्यात. तिच्या मेंदूत गाठ होती. डॉक्टर म्हणाला, नवं औषध चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत भरून थेट गाठीपर्यंत पोचवू. संमतीचा कागद इंग्रजीत होता. मिरजगावच्या शाळेत पोरांना लिहायला शिकवणाऱ्या मावशीनं विचारलं, "आधी कुणाला दिलंय का हे?"

"इंग्रजी कळत नाही ना बाई? मग अंगठा द्या."

"सही येते मला. वाचून दाखवा, करते."

"मला अजून दहा पेशंट आहेत."

तिचं डोकं ठणकत होतं. मीच म्हणालो, "दे गं, मावशी." तिनं अंगठा दिला. तिच्यावर प्रयोग झाला, हे ती गेल्यावर कळलं. तुमच्या माणसापुढं असा कागद आला, तर तो मराठीत मागा. मिळेपर्यंत सही करू देऊ नका.