हॉलिसच्या पुंगळ्या

मार्लिस ट्वेट शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर डाव फिरवून निवृत्त झाली, पण हात आखडता ठेवायची तिची सवय काही निवृत्त झाली नाही. कॉफीचा चोथा दुसऱ्यांदा उकळणारी बाई म्हणून सगळ्या बिटररूट खोऱ्यात तिची थट्टा व्हायची. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ऑरिनची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, बोटं संधिवाताने आखडल्यापासून त्याच्या रायफलीच्या गोळ्या तीच घरी भरायची. झाडलेली पितळी पुंगळी घासायची, मापात आणायची, तिच्यात नवी दारू आणि नवी गोळी बसवायची. पुंगळी पुन्हा पुन्हा वापरता येते, आणि जे पुन्हा वापरता येतं ते मार्लिस नवं कशाला घेईल?

यंदा तर नव्या पुंगळ्यांचे भाव ऐकून ती दुकानाच्या दारातूनच मागे फिरली. नेमबाजीच्या मैदानावर वेचलेल्या स्वस्तात मिळत होत्या, पण त्या कुणाच्या बंदुकीतून निघाल्या देव जाणे. काहींच्या तोंडाला चिरा, काहींच्या अंगाला पोचे. त्या तिने घेतल्या नाहीत. इतकी ती मूर्ख नव्हती. मग तिच्यासारखाच घरी गोळ्या भरणारा हॉलिस वारला आणि त्याच्या बायकोने अंगणात विकायला मांडलेल्या सामानात पुंगळ्यांनी गच्च भरलेली पिशवी निघाली.

"एकदाच झाडल्यात गं, बहुतेक," ती बिचारी म्हणाली.

मेलेल्या माणसाच्या हातच्या भरलेल्या गोळ्या इथे कुणी झाडत नाही, पण त्याच्या रिकाम्या पुंगळ्यांना कुणाची ना नसते. आणि हॉलिस म्हणजे अख्ख्या खोऱ्यातला सर्वांत काटेकोर माणूस. मार्लिसने पिशवी उचलली. पुंगळ्यांच्या बुडाला शाईचे डाग होते. मक्याच्या कणसाच्या भुग्यात घुसळून तिने त्या अशा लखलखीत केल्या, की ऑरिन म्हणाला, "यांनी एल्क मारायचाय की लग्नात मिरवायचंय?"

मग एके दिवशी ऑरिन अंधारातच एल्कच्या, त्या थोरल्या हरणाच्या, शिकारीला गेला, खिशात त्याच पुंगळ्यांत भरलेल्या गोळ्या घेऊन. सकाळी मार्लिस पुढचा घाणा भरायला बसली. पिशवीच्या शिवणीत अडकलेली एक पुंगळी तिच्या हाती आली, न घासलेली. बुडावर शाईच्या बारीक रेघा होत्या, एकीला लागून एक, दाटीवाटीने. तिला आधी काही कळेना. मग कळलं. हॉलिस प्रत्येक वेळी झाडल्यावर एक रेघ ओढत होता. ते पुंगळीचं वय होतं, आणि तिने मळ समजून ते पुसून टाकलं होतं.

टोकाला आकडा केलेली तार तिने पुंगळीत घातली. बुडाच्या जरा वर तार अडली. आतून खाच पडली होती. दुसरीतही अडली, तिसरीतही. पितळ तिथे झिजून पापडासारखं झालं होतं. दरवर्षी ती प्रत्येक पुंगळी अशी तपासायची, यंदा हॉलिसच्या नावावर विसंबली. अशी पुंगळी बंदुकीत दुभंगली तर जळता धूर मागे उसळतो, थेट तोंडावर. ऑरिन शिकारीला चष्मा लावत नाही. त्याचा एक डोळा वेल्डिंग करताना कधीच गेलाय. उरलेला तो बंदुकीला लावतो.

डोंगरावर फोन लागत नाही. तिने गाडी काढली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं त्या रस्त्यावर तिने ऑरिनला आंधळं केलं, मारलं, पुरलंसुद्धा.

पायवाटेच्या तोंडाशी शेजारचा क्लाइड तंबूपुढे बेकन तळत बसला होता.

"ऑरिन कुठाय?"

"ओढ्याच्या वरच्या अंगाला. का गं, डबा विसरला?"

"त्याला गोळी झाडू द्यायची नाही."

"मग एल्क काय गुदगुल्या करून मारायचा?"

तिने सांगितलं तेव्हा त्याचं हसू मावळलं. कुरकुरत का होईना, त्याने बूट चढवले. दोघं ओढ्याच्या काठाने चढू लागली, आणि वर बार झाला.

मार्लिस जागच्या जागी थिजली. कान वरच लावून उभी राहिली. काही वेळाने दुसरा बार झाला. म्हणजे पहिल्या गोळीने ऑरिनला काही केलं नव्हतं.

"झालं," क्लाइड म्हणाला. "एक पाडायला, एक संपवायला. उगाच पळवलंस मला. सुरी तरी आणली असती."

या डोंगरात तीन बार म्हणजे मदतीची हाक. दोन ऐकून कुणी हातातली कॉफीसुद्धा खाली ठेवत नाही. तिसरा झालाच नाही. पण दुसऱ्यानेच घात केला असेल, तर तिसरा होईलच कसा, असं मार्लिसच्या मनात आलं. ती पळत सुटली. या वयात, त्या गुडघ्यांनी.

ऑरिनचं नारिंगी जाकीट पडलेल्या झाडांच्या ओंडक्यांत दिसलं. पाय मधे अडकून भलतीकडेच वळला होता. गाल काळा पडला होता, त्यावर रक्ताचे ठिपके, आणि चांगला डोळा सुजून मिटलेला.

"कोण आहे?" तो म्हणाला.

 मार्लिस चार हातांच्या अंतरावर होती, तरी त्याला दिसत नव्हती. बाटलीतलं पाणी ती त्याच्या डोळ्यावर ओतत राहिली. खूप वेळाने पापणी किलकिली झाली.

"मार्लिस? ही तुझी ती भिकार टोपी ना?"

तिला रडू आवरेना.

"पाय मोडलाय," तो म्हणाला. "तीन बार काढणार होतो. दुसऱ्याने तोंडावर जाळ थुंकला. अर्धी पुंगळी आतच राहिली, तिसरी गोळी शिरेना. म्हटलं, दोन ऐकून कोण येतंय. आता गारठूनच मरायचं. तू कशी आलीस दोनवर?"

क्लाइड तिच्याकडे बघत होता. बायकोच्या मनाला कळतं म्हणून सांगितलं असतं, तर खरं ठाऊक असूनही त्याने मान डोलावली असती.

"मी पहिल्याच्या आधीच निघाले होते," ती म्हणाली. "पुंगळ्या खराब होत्या, ऑरिन. मी बघितल्या नाहीत."

 चाचपडत ऑरिनने तिची बाही मुठीत धरली, आणि क्लाइड खालून माणसं घेऊन येईपर्यंत सोडली नाही.