नात्याचा रकाना

कारखान्यातल्या हजेरीबाबूला सगळे मिनिटराव म्हणत. तासांवर राबणाऱ्यांच्या तक्त्यात तो पाच मिनिटंही इकडची तिकडे होऊ देत नसे आणि त्याच्या तक्त्यात कधी खाडाखोड नसे. स्वतःच्या आजारपणाची सुट्टी 'आ', घरच्यांच्या आजारपणाची 'घ', बाकी सगळी गैरहजेरी.

एकदा शिलाईतल्या बाईने चार तासांच्या सुट्टीची चिठ्ठी दिली. नात्याच्या रकान्यात 'मावशी' लिहिलं होतं. नियमात आईवडील, नवरा आणि मुलं एवढेच बसत.

"मावशीला 'घ' मिळत नाही," बाबू हसत म्हणाला. "माय मरो, मावशी जगो, हे म्हणीत ठीक आहे."

"माय मी रांगत होते तेव्हाच मेली," बाई म्हणाली. "पुढे मावशीनेच वाढवलं."

ती मशीनवर जाऊन बसली. तीनच्या सुमाराला मावशी गेल्याचा फोन आला.

त्यानंतर बाईने कधी सुट्टी मागितली नाही. दर शनिवारच्या हिशेबात तिचे तास पुरे भरतात. तरी तिच्या नावापाशी आलं की बाबूचा हात आपसूक लिहून जातो: घ, चार तास. तो ते घाईघाईने खोडतो. खालून दिसायचं ते दिसतंच.